गाडीचं आवतण

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात. पळसाचं पान त्यात बुडवायचं, खांद्यावर फिरवायचं आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडचे बैल आजोबांबरोबरच संपले. बाबा बल्लारपूरला कागद कारखान्यात लागले आणि त्यांनी एक जुनी जीप घेतली. मग दरवर्षी ते जीपचेच खांदे शेकायचे. खांदे म्हणजे पुढच्या चाकांवरचा पत्रा. सगळी गल्ली हसायची. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

बाबांनी घरात काही कमी पडू दिलं नाही, हे खरं. पण रस्त्यावरून जाणारी गाडी नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या या माणसाला माझा आवाज दोन हाका मारल्याशिवाय ऐकू येत नसे. दहावीचा निकाल सांगितला तर "बरं झालं" म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली शिरले. गाडी चालवायला शिकवलं ते धाकट्या भावाला. खरं तर गाडीला सवत म्हणायचा हक्क आईचा होता, पण ते काम मीच केलं.

"लोखंडावर काऊन जळून राह्यली?" आई म्हणायची.

लग्न होऊन मी आरमोरीला गेले, तरी जळणं सुटलं नाही. पोळ्याला मी न बोलावताच माहेरी यायचे.

गेल्या वर्षी पक्षाघाताने बाबांचं उजवं अंग गेलेलं. भाऊ खाणीत ड्युटीवर होता, म्हणून पळसाचं पान माझ्या हातात आलं. मी ते रागारागानेच फिरवलं.

"हळू," बाबा खुर्चीतून म्हणाले. "चाकाच्या वर."

माझा तोल गेला. "बाबा, मले कधी देलं असं आवतन?"

ते माझ्याकडे वळले. जीभ जड झाली होती. "तू का पावनी आहेस? घरच्याले कोनी आवतन देते का?"

मला ती पळवाट वाटली. मी पान टाकून आत गेले.

दिवाळीनंतर बाबा गेले. यंदा पोळ्याच्या आधी भावाचा फोन आला. "ताई, पोळ्याले जेवाले ये."

जन्मभर ज्याच्यासाठी जळले ते आवतण मिळालं आणि मला बाबांचा 'पावनी' शब्द आठवला. मी विचारलं, "अन् गाडी?"

"ते कुठी जाते," तो म्हणाला. "अंगनातच आहे. घरचीच आहे ना."