अंगात साठलेलं तांबं

माझ्या मुलाच्या हाताला कंप सुटला, तेव्हा त्याला खराडीच्या ऑफिसात नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. चहाचा कप बशीत खडखडायचा. पुढे बोलणंही जडावलं, आणि ऑफिसातल्यांनी, हा दारू पितो, असा सोयीस्कर अर्थ काढला. शेवटी सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी रक्त, लघवी, डोळे सगळं तपासून सांगितलं, की अंगात तांबं साठलंय.

तांबं सगळ्यांनाच लागतं म्हणे, कणभर. जास्तीचं लिव्हर बाहेर टाकतं. याचं टाकत नव्हतं, आणि ते मेंदूपर्यंत पोचलं होतं.

मी घरी आले ती पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा रिकामा करून मोडीत घालायलाच निघाले. जिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तांब्याचं पाणी म्हणजे अमृत!"

"मग पीत बसा तुम्ही," मी म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवढंच एक बरं झालं.

पुढच्या खेपेला मी हंड्याचं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "ताई, पाण्यामुळे झालेलं नाही हे. जन्मापासूनचं आहे, आईवडील दोघांकडून आलेलं." सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी मात्र खचलेच. हंड्यामुळे झालं असतं, तर हंड्याबरोबर जाण्याची आशा तरी होती. रक्त कुठे मोडीत घालणार?

तांबं बाहेर काढणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि पोराची तब्येत आणखीच बिघडली. शर्टाची बटणं लागेनात, आमटी हनुवटीवरून ओघळायची. सुरुवातीला काहींना असं होतं, पण औषध बंद केलंत तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांचं काय जातंय सांगायला? पोटच्या पोराला घोटभर पाण्यानं ठसका लागताना बघायचं, आणि वर त्याच गोळ्या त्याच्यापुढे करायच्या. देवावर, डॉक्टरांवर, नवऱ्यावर, सगळ्यांवर चिडून झालं.

एका सकाळी त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "आई, या गोळ्यांनीच मी मरणार."

"नाही घेतल्यास तर मरशील!" मी ओरडले. लगेच जीभ चावली, पण शब्द सुटला होता.

त्यानं विचारलं, "घेतल्या तर बरा होईन? नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. मला कसलीच खात्री नव्हती.

त्यानं तोंड उघडलं.