कोपराखाली चार बोटं

आमच्या मिस्त्रीला सगळे ‘काटकोन’ म्हणायचे. लाकूडकाम असो की कुणाचं बोलणं, जरा तिरकं दिसलं की याच्या कपाळाला आठी. मी फरशी-दगडाचं काम करतो. वीस वर्षं आम्ही एकत्र किचनं केली. ओट्याखालची कपाटं त्याची, वरचा दगड माझा. दिवसभर त्याची जीभ करवतीपेक्षा जास्त चालायची आणि मला ते ऐकायला आवडायचं.

त्याचा सगळ्यात जास्त राग डिझायनर लोकांवर. त्यातही एकावर, कारण आमची निम्मी कामं त्याच्याकडूनच यायची. हा गृहस्थ प्रत्येक घरात तेच सांगायचा: “हे टाइमलेस किचन आहे. पन्नास वर्षांनीही जुनं वाटणार नाही.” तीन वर्षांपूर्वीची त्याची टाइमलेस किचनं लालभडक होती, त्यानंतरची राखाडी, आता पांढरी. लालभडक आम्हीच बसवली होती आणि आम्हीच उखडली. स्वतःच्या घरी याला चहाचं भांडं सापडत नाही, हे त्याच्या बायकोनेच आम्हाला सांगितलेलं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण याने शेळीसुद्धा पाहिली नव्हती.

अशातच एका डॉक्टरीणबाईंच्या फ्लॅटचं काम आलं. बाई उंच, सडपातळ, दिवसभर दवाखान्यात. त्यांच्या उंचीवर नजर टाकून डिझायनरने ओटा छत्तीस इंच काढला. स्वयंपाक मात्र मावशी करायच्या. मावशींची उंची चार फूट आठ इंच. काम चालू असताना त्या बाल्कनीत एक शेगडी मांडून रांधत होत्या. काटकोन दोन दिवस त्यांच्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांना चिरायला लावलं, कोपराखाली चार बोटं सोडली आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. एकतीस इंच.

मी म्हटलं, “नकाशात छत्तीस आहे.”

“नकाशाला कुठे भाजी चिरायची आहे,” तो म्हणाला.

मी दगड एकतीसवर बसवला. तेव्हा हात जोडून नाही म्हणायला हवं होतं, पण मलाही त्या डिझायनरची जिरवायची होती. खोटं कशाला बोलू? तो दोनदा येऊन गेला. दारांच्या पांढऱ्या रंगावर अर्धा अर्धा तास बोलला. ओट्याच्या उंचीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

घोळ उघडा पडला तो भांडी धुण्याच्या मशीनमुळे. नकाशात ओट्याखाली एक रिकामा चौकोन होता. काटकोनला ते कपाट वाटलं होतं. मशीन आलं आणि दगडाखाली शिरेना. दोन माणसांनी ढकललं, तिरकं केलं, शेवटी बाहेर ठेवून घाम पुसत बसले. डिझायनरने टेप लावला आणि त्याचा चेहरा त्याच्या दारांसारखाच पांढरा झाला. बाईंसमोर त्याने काटकोनला नाही नाही ते सुनावलं. काटकोनने ते संपू दिलं. मग बाईंकडे वळून म्हणाला, “मॅडम, या ओट्यापाशी तुम्ही कधी उभ्या राहणार आहात?”

 बाईंनी मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मला त्यातलं काय कळतं? पण खांदे दुखत नाहीत आता.”

ओटा राहिला, मशीन बाल्कनीत गेलं. डिझायनरकडून येणारी कामं मात्र बंद झाली. त्याने सगळीकडे सांगितलं की या मिस्त्रीला माप वाचता येत नाही. चोर म्हणाला असता तर काटकोनने हसण्यावारी नेलं असतं. हे त्याच्या जिव्हारी लागलं. दीड वर्ष तो शाळेचे बाक करत होता आणि घरी कुणाशी धड बोलत नव्हता. वहिनी मला म्हणायच्या, “भावजी, तुम्ही तरी या हो. शिव्या घालायला तरी कुणी हवं ना यांना.”

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. मावशी काम सोडून लेकीकडे राहायला गेल्या होत्या. नवा स्वयंपाकी सहा फुटी गडी, आणि महिन्यात दोनदा कंबर धरून घरी बसलेला. आम्ही गेलो. तो बिचारा ओट्यावर असा वाकला होता, जणू विहिरीत पडलेलं काहीतरी शोधतोय. काटकोन दारातच थांबला.

जिना उतरताना मला म्हणाला, “तो गाढव मॅडमच्या मापाने करत होता. मी मावशींच्या. पण पुढच्या माणसाचा विचार दोघांनीही नाही केला.”



चार दिवसांनी तो एक जाड लाकडी पाट घेऊन गेला. त्याला चार पाय होते, आणि प्रत्येक पायाखाली फिरवून उंची कमी-जास्त करायचा लोखंडी स्क्रू. ओट्यावर ठेवला, स्वयंपाक्याचा कोपर मोजला, पाय फिरवले. बाईंनी विचारलं, “आणि उद्या हाही गेला तर?”

“नव्याला उभं करा, पाय फिरवा. नाही जमलं तर मला बोलवा, मी कुठे पळतोय.”

स्वयंपाकी सरळ उभा राहून कांदा चिरायला लागला. काटकोन हाताची घडी घालून बघत होता. मला वाटलं, आता कौतुकाचं काहीतरी बोलेल. तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, “एवढा मोठा माणूस, आणि एक चकती दुसरीसारखी नाही.”