लाल टिकलीखाली सेव्ह

आमच्या लॅबमध्ये मातीचे नमुने साठतात त्याच्या दुप्पट किस्से साठतात. नमुन्यांवर निदान चिठ्ठी असते, किश्श्यांवर कोण चिकटवणार? म्हणून मीच लिहून ठेवतेय. यातल्या बहुतेक किश्श्यांत वेंधळी मीच आहे, हे आधीच सांगते.

लॅब काटेवाडीजवळ, माती-पाणी तपासणीची. तीन वर्षं घरी लेक सांभाळून मी इथे कॉम्प्युटरवर लागले आणि पहिल्याच आठवड्यात जुना कॉम्प्युटर गेला. लॅबच्या मालकीण मॅडमनी नवा आणला, त्यावर नवीकोरी लिनक्स सिस्टीम. रिपोर्ट काढायचा प्रोग्राम मात्र वीसेक वर्षांपूर्वीचा, कोऱ्हाळ्याच्या निवृत्त शिक्षक तात्यांनी स्वतः लिहिलेला. चालेल का, असं मॅडमनी विचारलं. मी उत्साहात म्हणून बसले, "न चालायला काय झालं!"

मॅडम म्हणाल्या, "महिन्याभरात नीट बसवलंत तर तुम्हाला कायम करते. नाहीतर पुण्याचा माणूस, त्याचाच प्रोग्राम."

घरी जाताना मी बोटांवर दिवस मोजत गेले.

*

पण चालला! पहिल्याच क्लिकला! मी खुर्चीतून उठलेच. फक्त नव्या स्क्रीनवर अक्षरं मोहरीएवढी. नोंदी करणाऱ्या शोभाताई मुळांवरची कीड बघायचं भिंग घेऊन बसल्या.

मी सेटिंगमध्ये जाऊन सगळं दुप्पट केलं, तर अक्षरं धुरकट. मॅडमनी डोळे चोळले, नंबर वाढलाय म्हणाल्या आणि बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्या गेल्या आणि मला गोम सापडली. सिस्टीमचं ताणणं बंद केलं, प्रोग्रामचा स्वतःचा फॉन्ट वाढवला. अक्षरं लख्ख!

मॅडम नवा चष्मा लावून आल्या, स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "केवढा फरक पडला! मनातल्या मनात उगीच तुम्हाला बोल लावत होते."

फॉन्टचं मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

*

मग तात्या स्कूटरवरून बघायला आले. त्यांचा प्रोग्राम नव्या सिस्टीमशी थेट बोलूच शकत नाही, हे मी त्यांना जपून सांगितलं. मध्ये एक थर असतो, तो जुन्या प्रोग्रामभोवती त्याचं जुनं घर उभं करतो आणि आतलं सगळं बाहेर पोचवतो.

तात्या विचारात पडले. "म्हंजी त्याला अजून कळलंच न्हाय घर बदललंय ते?"

"नाही."

"मग सांगू नका."

*

पाळणाघराला सुट्टी होती त्या दिवशी लेकीला, ईराला, लॅबमध्ये आणलं. ती कुठल्या बाटलीला हात लावेल या धास्तीनं माझं लक्ष दोन्हीकडे. तात्यांनी फोनवरून सांगून एक जुनी गंमत लावायला लावली. स्क्रीनवर दोन डोळे, ते माऊसच्या बाणामागे फिरतात. पण नव्या सिस्टीमवर बाण जुन्या प्रोग्रामवर असेल तरच. नव्या प्रोग्रामच्या खिडकीवर गेला की डोळे जागच्या जागी थिजतात. कोणती खिडकी जुनी, म्हणजे तात्यांची, हे ओळखायची ही सोपी युक्ती मी ईराला दाखवली.

ईरानं दहा मिनिटं बाण इकडून तिकडे नेला आणि मोठ्यानं जाहीर केलं, "आई, हे बाकी कुणाकडे बघतच नाहीत. फक्त तात्यांकडे बघतात."

ते फोनवर तात्यांनीही ऐकलं. मग म्हणाले, "पोरगी हुशार हाय."

*

आता शोभाताईंचं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही आणि प्रोग्राम सगळा इंग्रजीत. त्यांनी जुन्या स्क्रीनच्या काचेवर दोन टिकल्या लावल्या होत्या. लाल टिकलीखाली सेव्ह, हिरवीखाली प्रिंट. खिडकी रोज त्याच जागी उघडायची, कधी चूक नाही. नव्या स्क्रीनवरही त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यापासून एक वीत, चार बोटं वर, असं मोजून टिकल्या लावल्या.

पण नव्या सिस्टीमवर प्रोग्रामला आपली जागा ठरवायची मुभाच नाही. खिडकी कधी मध्यात, कधी कोपऱ्यात. शोभाताईंनी टिकलीवर क्लिक केलं, तिथं नेमकं रद्दचं बटण! इंदापूरच्या एका शेतकऱ्याच्या अकरा नमुन्यांच्या नोंदी गेल्या. शोभाताई मला म्हणाल्या, "बाई, तुमी खिडकी बांधून घाला."

दोन दिवस शोधून मी सिस्टीममध्येच नियम घातला. ही खिडकी कायम इथंच, टिकल्यांच्या मापात उघडायची. बसली!

महिन्याचा शेवटचा दिवस. तेच इंदापूरचे शेतकरी रिपोर्टसाठी बाकावर, त्यांच्या अकरा नोंदी पुन्हा भरून झालेल्या, मॅडम मागे उभ्या. आणि बघते तर टिकल्या गायब! मॅडमनीच सकाळी काच लख्ख पुसली होती.

शोभाताईंनी एक वीत मोजली, चार बोटं मोजली, कपाळावरची टिकली काढून काचेवर चिकटवली आणि क्लिक केलं. सेव्ह.

मॅडमनी विचारलं, "आणि खिडकी परत हलली तर?"

शोभाताईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या हितं हायेत तवर न्हाय हलायची."

मॅडमनी नव्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली.

"प्रिंटची कुठं लावायची?"