डासांच्या पाठीमागे

एकाच जीपमधून वर्षानुवर्षं तीच तीन माणसं फिरली, की किस्से आपोआप साठतात. आमच्या जीपमध्ये नार्वेकर सर, ड्रायव्हर पास्कल आणि मी. संध्याकाळी वसई-विरारभर सापळे टांगायचे, सकाळी अडकलेले डास गोळा करायचे आणि त्यांच्यात एखादा विषाणू आहे का, ते तपासायला लॅबला पाठवायचे. आता ते काम बंद झालं, सर गावी गेले. पण पास्कलचा फोन आला, की आमची गाडी पुन्हा तिथेच येते.

*

कामणला एका गोडाऊनचा वॉचमन सापळा लावूच देईना. त्याला वाटलं, कॅमेरा आहे. सरांनी चहा पाजून समजावलं, तेव्हा कुठे तयार झाला. सकाळी बघतो तर सापळा गोडाऊनमधून निघून त्याच्या खाटेवर! म्हणाला, "साहेब, तिथल्या मालाला कुठे डास चावतात?"

*

डास थंड ठेवले नाहीत तर तपासणी फुकट जाते. एकदा पाचूबंदरला जीप बंद पडली आणि पेटीतला बर्फ वितळायला लागला. मासळी विकणाऱ्या हिराबाईंनी आपल्या पापलेटांवरचा बर्फ काढून दिला. मग आत काय आहे ते बघायला वाकल्या. तळाशी चिमूटभर डास.

"येवढ्याशा मालाला येवढा बरफ? कोन घेनार ह्यो?"

दुसऱ्या दिवशी लॅबमधून विचारणा झाली, डासांना मासळीचा वास का येतोय.

*

भुईगावला कार्मेलमावशी वाडीत एकट्या राहायच्या. मुलं परदेशात. आम्ही सापळा काढेपर्यंत त्यांचा चहा तयार असायचा.

एकदा त्यांच्याच वाडीतल्या डासांत डेंग्यूचा विषाणू सापडला. गल्लीत अजून कुणाला ताप नव्हता. मावशी घाबरतील म्हणून सर सांगायला कचरत होते. मावशींनी शांतपणे ऐकलं, अंगणातलं पिंप उपडं केलं आणि घरोघरी जाऊन सगळ्यांना पाणी ओतायला लावलं. शेजारची सून पोटुशी होती; तिची पिंपं त्यांनी स्वतः घासली. त्या पावसाळ्यात गल्लीत कुणालाही डेंग्यू झाला नाही.

काम बंद झाल्यावर आम्ही शेवटचा सापळा काढायला तिथेच गेलो. पास्कल शिडीवर चढला. मावशी चहा घेऊन आल्या आणि खालूनच त्याला म्हणाल्या,

"राहू दे रे तो. डास नाय मिळाले तरी बघायला येत जा."