गोठते का पाहू

“घाबरू नको वं बाई, हे पाणी गोठत नाही!” असं तो वरून ओरडला, तेव्हा मी बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडालेली होते.

“पाणी नाही गोठत, मी गोठून राहिली ना गा!” मी म्हटलं. पुढचं छापण्यासारखं नाही.

ते पाणी बर्फाहून थंड असतं, पण मिठामुळे पातळच राहतं. त्यात साध्या पाण्याचे पत्र्याचे डबे उभे सोडले की डब्यातलं पाणी गोठतं. टाकीवर लाकडी फळ्या असतात. त्याने नुकतेच चार डबे चेनपुलीने उचलले होते, फळी परत लावली नव्हती. मी लाद्यांवर टाकायच्या भुशाचं टोपलं डोक्यावर घेऊन आले ती सरळ भोकात.

तो तिथला मिस्त्री. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, एकाच गोष्टीचं वेड असलेला. हाती जे पातळ लागेल ते शिशीत भरून सुतळीने टाकीत सोडायचा. “गोठते का पाहू.” दूध गोठलं. मध नुसता घट्ट झाला. देवळातलं तीर्थ गोठलं, तर शिशी पुजाऱ्यालाच नेऊन दाखवली. “महाराज, हे तं पाणीच हाय!” आपली मोहाची दारू गोठत नाही, याचा त्याला बापाच्या वतनासारखा अभिमान. एकदा तीही गोठली. तसाच विकणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. “पाणी पाजून राहिला का बे मले?”

तर, मी टाकीत. माझे दात वाजायचे थांबले, तेव्हा कुठे तो घाबरला. पालथा पडून डोक्याचा दुपट्टा माझ्या काखेतून ओवला, चेनपुलीच्या आकड्यात अडकवला आणि मला वर ओढलं. इथवर ठीक. पण निघालेला डबा बाजूच्या साध्या पाण्याच्या हौदात बुडवायचा असतो, म्हणजे आतली बर्फाची लादी सुटते. हात सवयीचे. त्याने मलाही नेऊन बुडवलं.

मे महिन्यातलं कोमट पाणी मला उकळतं वाटलं. मी किंचाळले.

“सुटली!” तो म्हणाला, आणि मग जीभ चावली.

बाहेर उन्हात पोत्यावर बसवून त्याने कमरेची शिशी पुढे केली. “घे वं. हे पोटात असलं तं माणूस गोठत नाही.” मी शिशी उडवली. मातीत मुरणाऱ्या दारूकडे तो जितका वेळ पाहत राहिला, तितका वेळ त्याने टाकीतल्या माझ्याकडेही पाहिलं नव्हतं. मग टपरीवरून चहा आणला. मला कप धरवेना, म्हणून बशीत ओतून, फुंकून, स्वतः पाजला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. दारूनेच नेला. मी त्याच्या पायाला हात लावला, इतका गार, की त्यापेक्षा टाकीचा पत्रा बरा. त्याच्या बायकोने जमलेल्या बायांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “यानं डब्यावानी बुचकळून काढली, ती बाई हीच.”

मीच ती. मी जगले.