फ्रिजमधला दिवा

माझ्या मावशीला आम्ही अंधारमावशी म्हणायचो. प्रयोगशाळेतली अंधारी खोली बावीस वर्षं तिच्या ताब्यात होती. तिथे कॅन्सरचं औषध बनायचं: डोळ्यांना न दिसणारे बारीक कण, रक्तातून जाऊन नेमके गाठीला चिकटणारे. मग गाठीवर लाल प्रकाश टाकला की ते जागे होतात आणि गाठ मारतात. पण त्याआधी उजेड लागला की औषध वाया. म्हणून नवा फ्रिज आला की मावशी आधी त्यातला दिवा काढायची. मग औषधाच्या नळ्या काही न गुंडाळता बिनधास्त आत ठेवता यायच्या.

यंदा नवा फ्रिज आला तेव्हा तिने दिवा काढला नाही. तिला काचबिंदू झाला होता आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अंधारात लेबलं वाचता येईनात. दार उघडल्यावर क्षणभर उजेड पडला तर काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

पुढे उंदरांवर औषध वापरलं. गाठी जशाच्या तशा. या औषधावर तीन वर्षं राबलेल्या, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी हात टेकले. शुक्रवारी काम बंद करायचं ठरलं.

मावशीला त्या दिव्याची शंका आली. तिने मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू केलं, मोबाइल फ्रिजमध्ये ठेवला, दार लावलं आणि मग काढून पाहिलं. दार लागलं की दिवा विझवणारं बटण बिघडलेलं. बंद फ्रिजमध्ये दिवा दिवसरात्र जळत होता. दार लावल्यावर आत कोण बघायला जाणार!

ती आधी माझ्याकडे आली. मी भडकलेच. "गुपचूप दिवा काढ आणि गप्प बस! निवृत्तीला चार वर्षं आहेत. नोकरी गेली तर खाशील काय?"

"आणि ते औषध?"

"खड्ड्यात गेलं औषध!" हे मी म्हणाले. आज लाज वाटते.

ती सरळ मॅडमकडे गेली आणि सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "पण दिवा ठेवलात कशाला?"

"मला दिसत नाही आता."

मावशीची नोकरी गेली. मॅडम वरच्यांशी भांडल्या, पण उपयोग झाला नाही.

अंधारात जपलेलं नवं औषध मॅडमनी पुन्हा उंदरांवर वापरलं आणि तीन महिन्यांनी उंदराचा फोटो घेऊन त्या घरी आल्या. मावशीने फोटो नाकाशी धरला. "नुसतं धुकं दिसतंय. दाखवा."

मॅडमनी तिचं बोट धरून फोटोवर टेकवलं. "इथे गाठ होती."

"आणि आता?"

"आता काहीच नाही."

मावशीने बोट बराच वेळ उचललं नाही. मला रडू फुटलं. तिने मात्र विचारलं, "नवीन माणूस दिवा काढतो ना आठवणीने?"