अंतरा नसलेली चीज

बाळांनो, तुमच्यातली धाकटी तिकडच्या कॉलेजात गाणं शिकायला नाव घालते आहे, असं तुमच्या आईने कळवलं. आजी इंग्रजी शिकवत असे, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधी मी गाणं शिकत होते. धाकटी कुणा गुरूपुढे बसण्याआधी हे तुम्हाला सांगावं, म्हणून आज लिहायला बसले.

आमचं घर रिसोडचं, शेतीवाडीचं. वडिलांनी मला अमरावतीच्या कॉलेजात घातलं तेव्हा तिथे मुली थोड्या, संगीत घेणाऱ्या त्याहून थोड्या. वडिलांची अट होती: वर्ष संपलं की घरी गाऊन दाखवायचं, पटलं तर पुढे, नाहीतर गाणं बंद. मला गाणंच हवं होतं. इंग्रजी घ्यावंच लागे, म्हणून घेतलं होतं.

गायनमास्तर मृदू बोलणारे होते. मला बेटा म्हणत. बिहाग रागातली एक जुनी चीज त्यांनी वर्गात मला एकटीला दिली. चिजेचे दोन भाग असतात; स्थायी मधल्या सुरांत फिरते आणि अंतरा वरच्या षड्जाकडे चढतो. या चिजेला अंतराच नाही, जुने लोक तशीच गात, असं त्यांनी सांगितलं. गुरूने सांगितलं म्हणजे तसंच असणार.

उन्हाळ्यात वडिलांनी मास्तरांनाच घरी बोलावलं. आईने रसपोळीचा बेत केला, संध्याकाळी ओसरीवर सतरंजी पसरली. वाशिमहून वडिलांचे गाणं जाणणारे वकील स्नेही आले. वडिलांना सुरातलं काही कळत नसे, त्यामुळे वकीलसाहेब म्हणतील ते खरं. मी चांगली गायले. हे लिहायला आता संकोच वाटत नाही. वकीलसाहेब मान डोलवत होते. मग म्हणाले, "आता अंतरा होऊ दे."

याला अंतरा नाही, असं मी सांगितलं. ते हसले आणि अंतऱ्याचे पहिले शब्द स्वतःच गुणगुणले. मी मास्तरांकडे पाहिलं. आता ते सांगतील, असं वाटलं.

"शिकवला होता," तंबोऱ्याची खुंटी पिळत ते म्हणाले. "रियाज नाही. मुलींचं लक्ष राहत नाही."

नाही शिकवला, असं मी पुन्हा पुन्हा म्हटलं. त्याने उलटंच झालं.

"गुर्जीले खोटं पाडतं काय वं?" वडील म्हणाले. "वर्सभर राहून अर्धंच गानं आनलं. इंग्रजी शिक आता. गानं बंद."

सकाळी मास्तरांना न्यायला दमणीला बैल जुंपत होते, तेव्हा मी त्यांना दारात गाठलं आणि असं का केलंत, म्हणून विचारलं.

"अंतरा घरच्या मुलांसाठी ठेवतात, बेटा. तू उद्या लग्न होऊन जाशील. चीज कुणाच्या घरी नेशील?"

त्यांना लाज वाटत नव्हती. स्थायी दिली हाच त्यांच्या मते मोठेपणा होता. रिसोडच्या ओसरीवर अंतरा ओळखणारा कुणी भेटेल, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

वडिलांनी शेवटपर्यंत त्यांच्यावरच विश्वास ठेवला. पुढे मी इंग्रजीत पहिली आले, ते त्यांनी गावभर सांगितलं. तेव्हा मी आत जाऊन बसे.

स्थायी अजून पूर्ण येते. आवाज वर फाटतो, पण तिला फार वर जावं लागत नाही. वकीलसाहेबांनी गुणगुणलेले अंतऱ्याचे शब्दही आठवतात. त्यापुढचं मला येत नाही.